अमेरिकेतल्या प्रायमरीत मत द्यायचंय? आधी पक्षाची तारीख बघा

नागरिकत्वाची शपथ झाली, मतदार यादीत नाव लागलं, तरी प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या मतदानाच्या, दिवशी हात हलवत परतणारे आपले लोक दर वेळी असतातच. अध्यक्षपदाचा उमेदवार पक्ष ठरवतो, म्हणून बऱ्याच राज्यांत त्या पक्षात नोंद असलेल्यांनाच मत देता येतं. आणि काही राज्यांत पक्ष बदलायची मुदत मतदार नोंदणीच्या कितीतरी आधी संपलेली असते.

न्यूयॉर्कमध्ये नवीन मतदाराला मतदानाच्या 10 दिवस आधीपर्यंत नाव नोंदवता येतं. पण नाव आधीपासून आहे आणि पक्षाचा रकाना कोरा आहे, किंवा पक्ष बदलायचा आहे, तर अर्ज 14 फेब्रुवारीपर्यंत पोचायला हवा. 2024 ची प्रायमरी 2 एप्रिलला होती; मार्चमध्ये जागे झालेल्यांच्या हाती काही उरलं नव्हतं. न्यू जर्सीत पक्ष नसलेल्याला केंद्रावरच पक्ष सांगता येतो, पक्ष बदलणाऱ्याने मात्र 55 दिवस आधी अर्ज द्यायचा. टेक्सासमध्ये पक्षनोंदणी नाही, 30 दिवस आधी मतदार नोंदणी केली की झालं.

कॅलिफोर्नियाचा अर्ज नीट वाचा. त्यातला ‘अमेरिकन इंडिपेंडंट’ हा एक पक्ष आहे. आपण अपक्ष आहोत असं समजून लोक तिथे खूण करतात आणि त्याच पक्षाची मतपत्रिका घरी येते. पक्ष नको असेल तर ‘नो पार्टी प्रेफरन्स’ निवडा. असा अर्ज इतका फसवा का ठेवावा, हे तिथल्या अधिकाऱ्यांनाच ठाऊक.

कागदपत्रं फार नाहीत: लायसन्स क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे. अडतं ते नावावर. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, असं असेल तर नोंदी जुळवताना अर्ज अडकू शकतो. लायसन्सवर आहे तसंच नाव लिहा.

मत उमेदवाराला दिलं तरी मोजले जातात प्रतिनिधी, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे लोक. 2024 मध्ये रिपब्लिकन उमेदवारीला 2,429 पैकी 1,215 लागत होते. बायडन आणि ट्रम्प दोघांनीही आपापल्या पक्षात 12 मार्चलाच बहुमत गाठलं, त्यामुळे जूनमधल्या न्यू जर्सीच्या मताने उमेदवार ठरला नाही. तरी तिथे त्याच दिवशी काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, उमेदवारही ठरतात, तेव्हा घरी बसू नका.

ग्रीन कार्डवाल्यांनी यातलं काहीही करायचं नाही. लायसन्स काढताना ‘नागरिक आहात का’ या प्रश्नावर चुकून ‘हो’ झालं तर मतदार नोंदणी होऊन बसू शकते, आणि नागरिकत्वाच्या एन-400 अर्जात नेमकं हेच विचारतात. असं झालं असेल तर मत देऊ नका, आणि तो अर्ज भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. नोंदणी रद्द करायची ती लेखी, आणि त्याची पोच जपून ठेवा.