रक की मॉल? आधी चेंडू कुठे आहे ते बघा

शाळेच्या रग्बी संघात पहिल्या वर्षी माझ्या नावावर लागलेल्या बहुतेक पेनल्ट्या एकाच सवयीपायी होत्या. खेळाडूंचा घोळका दिसला की मी खांदा लावून आत शिरायचे आणि चेंडू दिसला की दोन्ही हातांनी ओढायचे. एखाद्या वेळी तो खरंच निघून यायचा आणि मैत्रिणी पाठ थोपटायच्या. पुढच्याच मिनिटाला तसंच केलं की शिट्टी वाजायची, चेंडू समोरच्या संघाकडे जायचा. मला वाटायचं, रेफरी मनाला येईल तसे निर्णय देतात. अखेर वरच्या वर्गातल्या एका ताईने मला बाजूला बसवून विचारलं, "तू हात घातलास तेव्हा चेंडू जमिनीवर होता की कुणाच्या हातात?" मला आठवेना. मी चेंडूवर झडप घातली होती, पण तो कुठे आहे हे पाहिलंच नव्हतं.

आता मी स्वतः हायस्कूलच्या मुलींना शिकवते आणि दर वर्षी नव्या मुलींमध्ये हाच गोंधळ पाहते. रग्बीत चेंडूभोवती असे दोन प्रकारचे घोळके होतात, रक आणि मॉल, आणि लांबून पाहिलं तर त्यांत फरक दिसत नाही. दोन्हींत सहा-आठ मुली वाकून एकमेकींना भिडलेल्या, दोन्हींत ढकलाढकल, दोन्हींच्या मागे स्क्रम-हाफ, म्हणजे बाहेर आलेला चेंडू उचलून पुढे खेळवणारी खेळाडू, चेंडूची वाट बघत उभी. पण एकीकडे जे बक्षीस मिळवून देतं, त्याचीच दुसरीकडे शिक्षा होते.

चेंडू जमिनीवर असेल तर रक. चेंडू कुणाच्या तरी हातात, जमिनीपासून वर असेल तर मॉल. बाकीचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

रकची सुरुवात बहुतेक वेळा टॅकलपासून होते. चेंडू घेऊन पळणारी मुलगी पाडली जाते. पडल्यावर तिने चेंडू लगेच सोडायचा, पाडणारीने तिला सोडून बाजूला सरकायचं. आता चेंडू मातीत आहे. दोन्ही संघांची किमान एकेक मुलगी आपल्या पायांवर उभी राहून त्या चेंडूवर एकमेकींना भिडली की रक झाला. त्या घडीपासून हात बंद. चेंडू पायाने मागे ओढायचा, किंवा समोरच्यांना ढकलत त्याच्यावरून पुढे जायचं, म्हणजे तो आपोआप आपल्या मागच्या बाजूला येतो.

माझी चूक त्याआधीच्या सेकंदात दडलेली होती. टॅकल झालं आहे, पण रक अजून झालेला नाही, अशी एक छोटीशी फट असते. त्या फटीत पायांवर उभी असलेली मुलगी वाकून चेंडूवर हात टाकू शकते. याला जॅकल म्हणतात. फट बंद व्हायच्या आत जिचे हात चेंडूवर पडले आणि जी पायांवर टिकून आहे, तिला रक झाल्यावरही हात काढावे लागत नाहीत. पडलेल्या मुलीने चेंडू सोडला नाही तर पेनल्टीसुद्धा जॅकल करणारीच्याच बाजूने मिळते. पण अर्धा सेकंद उशिरा पोहोचून तेच हात तिथेच घातले तर पेनल्टी तिच्याच विरुद्ध. म्हणूनच मला कधी शाबासकी मिळायची तर कधी शिट्टी. रेफरींचा निर्णय प्रत्येक वेळी बरोबर होता. घड्याळ मला वाचता येत नव्हतं.

मॉलला किमान तीन जणी लागतात: चेंडू धरलेली मुलगी, तिला धरून असलेली तिची एक सहकारी आणि समोरच्या संघाची एक. तिघी पायांवर, एकमेकींना हातांनी घट्ट धरून बांधलेल्या. रकमध्ये मात्र जमिनीवरच्या चेंडूवर दोघी भिडल्या तरी पुरे, कारण चेंडू तिथे कुणाचाच नसतो. मॉलमध्ये चेंडूला मालकीण असते. म्हणून मॉलमध्ये हात चालतात. चेंडू एकीकडून मागच्या मुलीकडे, तिच्याकडून आणखी मागे असा सरकवत नेता येतो. समोरच्या संघाची मुलगी नियमाने आत आलेली असेल तर तिलाही चेंडू हिसकावण्याचा पूर्ण हक्क आहे. मुलींना हे सांगितलं की त्यांचा चेहरा खुलतो, कारण रकमध्ये वारंवार शिट्टी ऐकून त्यांनी हात आखडते घेतलेले असतात आणि मॉलमध्येही त्या हात मागे ठेवूनच उभ्या राहतात.

आत यायचा रस्ता मात्र दोन्हींकडे जवळजवळ सारखाच आहे. आपल्या बाजूच्या सगळ्यांत मागच्या खेळाडूच्या पाठीमागून यायचं, तिच्या शेजारी बांधून घ्यायचं, तिच्या पुढे घुसायचं नाही. बाजूने आत शिरलं की पेनल्टी. ज्या मुली घोळक्यात नाहीत त्यांनी जिच्या मागे राहायचं ती ऑफसाइडची रेषाही त्या सर्वांत मागच्या खेळाडूवरूनच जाते. टॅकलनंतर तर एकटी मुलगी चेंडूवर पायांवर उभी राहिली तरी ऑफसाइडची रेषा तयार होते, पण रक व्हायला दोघी लागतात. बचावातल्या मुलींनी हे खास लक्षात ठेवावं.

चेंडू अडकला तर काय, इथे दोघांचे रस्ते पुन्हा वेगळे होतात, आणि डावपेचांच्या दृष्टीने मला हाच भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. रकमधून चेंडू निघेनासा झाला तर थांबण्याआधी जो संघ पुढे सरकत होता त्याला स्क्रम मिळतो, म्हणजे दोन्ही संघांच्या पुढच्या खेळाडू भिडून खेळ पुन्हा सुरू करतात आणि चेंडू आत टाकायचा हक्क त्या संघाचा. मॉलमध्ये उलट. मॉल थांबला, पाच सेकंद पुढे सरकला नाही आणि चेंडूही बाहेर आला नाही, तर मॉल सुरू होताना चेंडू ज्यांच्याकडे नव्हता त्यांना स्क्रम. याला अपवाद आहे तो खुल्या खेळात लाथाडलेला चेंडू झेलताच मॉल झाल्याचा. तिथे झेलणाऱ्या संघाकडेच चेंडू राहतो. एरवी मॉलमध्ये चेंडू अडकवून ठेवणं हा बचाव करणाऱ्यांचा फायद्याचा सौदा आहे.

हा सौदा आयर्लंडच्या पुरुष संघाने २०११ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध जगाला दाखवला. चेंडू घेऊन येणाऱ्याला पाडायचंच नाही. दोघांनी मिळून त्याला छातीपाशी, चेंडूसकट मिठीत धरायचं आणि उभंच ठेवायचं. तो उभा, चेंडू वर, त्याचा सहकारी मदतीला येऊन चिकटला की मॉल तयार, आणि मग चेंडू बाहेर येऊ द्यायचा नाही. आयर्लंडने तो सामना १५-६ असा जिंकला. याला चोक टॅकल म्हणतात. नावात चोक असलं तरी गळ्याला हात लावायचा नसतो. खांद्याच्या रेषेच्या वर टॅकल केलं तर पेनल्टी, कार्डही निघू शकतं.

माझ्या मुलींना मी या डावाची दुसरी बाजू आधी शिकवते. तुम्हाला दोघींनी धरलं आणि पाय पुढे पडेनासे झाले, तर तुमची मैत्रीण येऊन चिकटायच्या आत गुडघा टेका. गुडघा टेकला की टॅकल झालं, चेंडू खाली ठेवता येतो, आणि तुम्ही मॉलच्या सापळ्यातून निसटून रकच्या ओळखीच्या जागेत येता. शूर मुली नेमक्या इथेच फसतात. पडायचं नाही या जिद्दीने त्या उभ्या राहतात आणि चेंडू गमावतात.

मुलींच्या शालेय संघात हा गोंधळ जास्त का दिसतो, याचं एक कारण माझ्या मते सेव्हन्स आहे. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकपासून सात जणींचं रग्बी ऑलिंपिकमध्ये आलं आणि अनेक शाळांनी त्याच खेळापासून सुरुवात केली. पंधरा मुली जमवण्यापेक्षा सात जमवणं सोपं. पण सेव्हन्समध्ये मैदान तेवढंच मोठं असतं. चार जणी मॉलमध्ये गुंतल्या तर उरलेल्या तिघींनी सगळी रुंदी सांभाळायची. त्यामुळे तिथे कुणी मुद्दाम मॉल करत नाही. चेंडू खाली, पटकन रक, पटकन बाहेर. दोन वर्षं असं खेळलेली मुलगी पंधरांच्या संघात येते तेव्हा तिच्या अंगात रक मुरलेला असतो, आणि समोरून आठ जणींचा मॉल चालून आला की ती नकळत रकचेच नियम पाळायला लागते.

पंधरांच्या खेळात मॉल बहुतेक वेळा लाइनआऊटमधून, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकून खेळ सुरू करतात त्यातून येतो. मी हूकर होते, त्यामुळे हा प्रसंग मला फार जवळचा. हूकर चेंडू फेकते, उचलून धरलेली खेळाडू तो हवेत झेलते, खाली येते, पुढच्या मुली तिच्याभोवती बांधून घेतात आणि चेंडू हातोहात मागे सरकत शेवटी शेपटीला पोहोचलेल्या हूकरकडेच परत येतो. मग सगळ्या जणी मिळून छोटी छोटी पावलं टाकत गोलरेषेकडे निघतात. पाच मीटरवरून नीट बांधलेला मॉल थांबवणं फार अवघड.

त्याला थांबवायचे खरे क्षण मॉल होण्याआधीचे आहेत. चेंडू झेललेली मुलगी जमिनीवर पाय टेकते आणि अजून मॉल झालेला नाही, तेवढ्यात तिला पाडता येतं, तेही नियमात राहून. किंवा समोरच्या मुलींनी भिडायचंच नाही. भिडलंच नाही तर मॉल होत नाही, आणि चेंडू शेपटीला नेऊन सगळ्या चालू लागल्या तर पुढच्या मुली आडव्या येत आहेत म्हणून शिट्टी त्यांच्याविरुद्ध वाजते. मात्र एकदा मॉल झाला की त्याला पाडणं म्हणजे पेनल्टी. सर्वांत सोपा क्षण चेंडू हवेत असतानाचा. महिलांच्या २०२१ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना साथीमुळे पुढे ढकलला जाऊन १२ नोव्हेंबर २०२२ रोजी ऑकलंडच्या ईडन पार्कवर झाला. इंग्लंड सलग ३० सामने जिंकून आलं होतं आणि एक खेळाडू लाल कार्डामुळे गमावूनही मॉलच्या जोरावर झुंजत होतं. शेवटच्या क्षणी न्यूझीलंड ३४-३१ असं पुढे, इंग्लंडला गोलरेषेजवळ लाइनआऊट. मॉल झाला असता तर बहुधा ट्राय, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण, होता. न्यूझीलंडच्या जोआना न्गान-वूने हवेत उडी घेऊन चेंडूचा झेलच बिघडवला, मॉल जन्मालाच आला नाही, आणि विश्वचषक न्यूझीलंडकडे राहिला. ते चित्रीकरण मी मुलींना थांबवून थांबवून दाखवते.

पाडण्याबद्दल थोडं गंभीरपणे बोलायला हवं. रक असो वा मॉल, डोकं आणि खांदे कमरेच्या खाली जाता कामा नयेत, आणि घोळका मुद्दाम कोसळवायचा नाही. २००८ मध्ये मॉल कोसळवण्याची मुभा देणारा नियम प्रयोग म्हणून आणला होता, पण पुढच्याच वर्षी तो सोडून दिला. मॉलमध्ये सगळ्या उभ्या असतात आणि वजन एका दिशेने चाललेलं असतं. ते वजन अचानक खाली आलं तर तळाशी जी मुलगी असेल तिच्या मानेवर आणि गुडघ्यांवर येतं. रकचा धोका निराळा आहे. तिथे वाकून चेंडूवर उभ्या असलेल्या मुलीला धरून मगरीसारखी गिरकी मारून पाडलं जायचं आणि तिचा पाय तिच्याच अंगाखाली अडकायचा. १ जुलै २०२४ पासून ही गिरकी नियमाने बंद आहे. जुनी चित्रीकरणं बघून शिकणाऱ्या मुलींना हे आवर्जून सांगावं लागतं, कारण तिथे ती गिरकी सर्रास दिसते.

शब्दांचा उगम आठवला तरी मदत होते. इंग्रजीत रकचा जुना अर्थ ढीग, आणि मॉल म्हणजे मोठा हातोडा. ढीग जमिनीवर पडलेला असतो, हातोडा हातात असतो.

सगळ्यांत अवघड जागा अजून उरलीच आहे: चालता मॉल अचानक रक होतो ती. मॉलमध्ये चेंडू धरलेल्या मुलीच्या हातून तो निसटून जमिनीवर पडला की मॉल तिथेच संपतो. माणसं तीच, बांधणी तीच, ढकलणंही तेच, पण भोवती दोन्ही संघ पायांवर भिडलेले असल्यामुळे आता तो रक आहे आणि ज्या हातांना एका श्वासापूर्वी मोकळीक होती ते हात आता गुन्हेगार. आत वाकलेल्या मुलीला चेंडू दिसत नाही, तिला हे कळणार कसं? म्हणून जिला दिसतं तिने ओरडायचं. आमच्या संघात हे काम स्क्रम-हाफचं. "वर!" म्हणजे मॉल, हात चालू. "खाली!" म्हणजे रक, हात बंद, पायांनी पुढे. याच्या उलट, रक कधी मॉल होत नाही. चेंडू बाहेर पडला की रक संपला, पुढे काय होईल तो नवा खेळ.

सरावात मी आठ मुलींचा मॉल चालवते आणि चेंडू धरलेल्या मुलीला आधीच कानात सांगून ठेवते की तुला वाटेल तेव्हा तो सोड. बाकीच्यांना माहीत नसतं. पहिल्या आठवड्यात "खाली!" ऐकूनही चार-पाच हात चेंडूवर असतात. दुसऱ्या आठवड्यात हात थबकतात, पण पायही थबकतात आणि सगळा घोळका जागच्या जागी उभा राहतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कधीतरी आरोळी येते, हात सुटून शेजारणीच्या जर्सीवर जातात, पाय न थांबता चेंडूवरून पुढे निघतात, आणि चेंडू मागे, गवतावर, स्क्रम-हाफसमोर मोकळा पडलेला असतो.