स्ट्रासबर्गच्या निकालपत्रातले ‘स्मरण’

स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २५ एप्रिल १९७८ रोजी दिलेल्या एका निकालाच्या ३१व्या परिच्छेदात गमतीचे वाक्य आहे. मानवी हक्कांचा युरोपीय करार हा जिवंत दस्तऐवज आहे आणि त्याचा अर्थ आजचा काळ पाहून लावायचा असतो, याचे आपण ‘स्मरण’ ठेवले पाहिजे, असे न्यायालय म्हणते. आता स्मरण जुन्या गोष्टीचे होते. ‘जिवंत दस्तऐवज’ ही शब्दयोजना मात्र न्यायालयाच्या निकालात पहिल्यांदा इथेच आली.

‘टायरर विरुद्ध युनायटेड किंगडम’ हा तो खटला. ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या १५ वर्षांच्या मुलाला शाळेत मारहाण केल्याबद्दल फोकांचे तीन फटके, अशी शिक्षा झाली. दोघा पोलिसांनी धरले, तिसऱ्याने मारले, पहिल्याच फटक्याला फोकाचे तुकडे उडाले. कातडी फाटली नाही, पण दीड आठवडा दुखत राहिले. निकालपत्र हे पंचनाम्याच्या कोरडेपणाने लिहिते, विशेषणे जवळजवळ नाहीतच. कायद्याची चर्चा निकालपत्राच्या पुढच्या भागात येते. बेटावरच्या लोकांना ही शिक्षा हवी आहे, हा युक्तिवाद न्यायालयाने उलटवला: तिची जरब वाटते ती कदाचित तिच्यात मानहानी आहे म्हणूनच! सहा विरुद्ध एक मतांनी ही शिक्षा मानहानिकारक, म्हणून कराराला न चालणारी ठरली.

ही लेखनपद्धत दोन परंपरांच्या तडजोडीतून आली. १९५० साली रोममध्ये करारावर सह्या झाल्या, १९५९ मध्ये न्यायालय उभे राहिले, पुढच्या वर्षी पहिला निकाल आला. इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायालयांत प्रत्येक न्यायाधीश आपले मत ऐसपैस मांडू शकतो. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तेव्हा एका लांबलचक वाक्यात संपे आणि कोण असहमत होते ते कळतही नसे. स्ट्रासबर्गने बहुमताचा एकच मजकूर ठेवला, परिच्छेदांना क्रमांक दिले आणि भिन्नमत जोडायची मुभा दिली.

ती मुभा तिथले ब्रिटिश न्यायाधीश सर जेराल्ड फिट्झमॉरिस यांनी मनसोक्त वापरली. टायररमधले एकटे विरोधी मत त्यांचेच. शाळकरी मुलांना फटके देणे रीतसर मानले जाई अशा व्यवस्थेत आपण वाढलो, तेव्हा आपल्या मतावर त्याची छाया असेल, हे त्यांनी त्यात कबूल केले आहे. मला बहुमतापेक्षा हा मजकूर जास्त वाचनीय वाटतो.

क्रमांकांचा उपयोग पुढे कळतो. हे न्यायालय आपल्याच जुन्या निकालांना काटेकोरपणे बांधील नाही, तरी त्यांतली वाक्ये परिच्छेद क्रमांकासह पुन्हा पुन्हा उतरवते. अवतरणांची अशी चळत चढली की नवा विचारही वहिवाटीचा वाटू लागतो.

१९८१च्या ‘डजन’ खटल्यात बेलफास्टच्या एका रहिवाशाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यांना आव्हान दिले. त्यांतला एक १८६१चा होता. करारातल्या बहुसंख्य देशांनी असे संबंध गुन्ह्यातून वगळले आहेत, उत्तर आयर्लंडमध्येही प्रौढांवर खटले भरले जात नाहीत, या बदललेल्या काळाचा हवाला देत न्यायालयाने खासगी जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचे ठरवले. भारताला हा करार लागू नाही. तरी ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १८६०च्या दंडसंहितेतल्या कलम ३७७ची कक्षा आवळली, तेव्हा न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात ‘डजन’ची चर्चा आली.