घरच्या मिलिंग स्पिंडलसाठी ब्रशलेस मोटर घेताना

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या दुकानात स्पिंडलसाठी (म्हणजे मिलिंग मशीनचा कटर फिरवणाऱ्या भागासाठी) मोटर मागायला येणारे बहुतेक जण आधी वॉट विचारतात. आम्ही त्यांना विचारतो, कापणार काय आणि कटर किती मिलीमीटरचा? मोटर त्यावरच ठरते.

समजा, ३ मिमीच्या कार्बाइड कटरने अल्युमिनियम कापायचे आहे. मिनिटाला १२,००० फेऱ्यांवर कटरची धार मिनिटाला सुमारे ११३ मीटर धावते. छोट्या मशीनला हे मानवते. त्याच फेऱ्यांवर ६ मिमीचा एचएसएस (हायस्पीड स्टील) कटर लोखंडाला लावलात तर धार जळालीच! तिथे १,३०० च्या आसपास फेरे हवेत, आणि इतक्या हळू फिरून जोर देणे छोट्या मोटरला थेट जमत नाही. मध्ये बेल्ट-पुली लागते.

केव्ही म्हणजे एका व्होल्टला बिनलोड किती फेरे. २४ व्होल्टवर १,००० केव्हीची मोटर मोकळी २४,००० फिरेल. लोडवर फेरे उतरतात, म्हणून १२,००० साठी ६५० केव्हीच्या आसपासची घ्या. जास्त केव्हीची मोटर तेवढ्याच जोराला जास्त अँपिअर ओढते, आणि ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, तापतो.

ड्रोनची ब्रशलेस मोटर घेतलीत, तर तिच्यावर छापलेले वॉट पंख्याच्या वाऱ्यावर अवलंबून असतात. स्पिंडलला तो वारा कुठला? आम्ही निम्मेच धरतो आणि वेगळा फॅन लावायला सांगतो.

आता बेअरिंग. हे मात्र नीट वाचा. कोलेट (कटर आवळून धरणारी पकड) थेट मोटरच्या शाफ्टवर बसवू नका. मिलिंगमध्ये कटरला सतत बाजूने धक्का बसतो, आणि मोटरमधली चिमुकली बेअरिंगं त्यासाठी केलेलीच नसतात. थोड्याच दिवसांत त्यांत खेळ (ढिलेपणा) येतो, कापलेल्या कडेवर लाटा उमटतात. ईआर११ मापाच्या कोलेटचा शाफ्ट वेगळा करा, अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगच्या (बाजूचा आणि लांबीचा असा दोन्ही दाब पेलणाऱ्या) जोडीवर प्रीलोड देऊन, म्हणजे आधीच थोडा दाब देऊन खेळ काढून, बसवा आणि मोटर बेल्टने जोडा. मोटर जळाली तरी स्पिंडल शाबूत राहतो. शाफ्टला डायल (बारीक हालचाल मोजणारे काट्याचे मापक) लावून तो हाताने फिरवून पाहा. काटा ०.०२ मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर बारीक कटर टिकणार नाहीत. मिरजेच्या तंतुवाद्यांसारखी लाकडावर हलकी नक्षी कोरायची असली, तरी शाफ्ट वेगळाच बरा. मोटर मात्र तिथे थेट कपलिंगने चालते.

बॅटरीऐवजी एसएमपीएसवर (घरच्या विजेवरून डीसी देणाऱ्या पॉवर सप्लायवर) चालवणार असाल तर ईएससीचा ब्रेक बंद ठेवा. ब्रेक लागताच मोटर उलट वीज ढकलते. बॅटरी ती पचवते, एसएमपीएस नाही. व्होल्टेज चढून तो ट्रिप होतो, कधी ईएससीच जातो. पहिल्यांदा सुरू करताना कटर आणि कोलेटचा नट दोन्ही काढून ठेवा.