‘ग्रब>’ आणि ‘ग्रब रेस्क्यू>’: उबुंटू काढल्यावर येणारे दोन काळे पडदे

विंडोजच्या जोडीला टाकलेली उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम नको झाली की बहुतेक जण विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडतात, उबुंटूच्या पार्टिशनवर (डिस्कवर त्याला दिलेल्या भागावर) राइट क्लिक करून ‘डिलीट व्हॉल्यूम’ करतात आणि काम झालं असं समजतात. पार्टिशन जातंही. पण मशीन रीस्टार्ट केलं की विंडोजच्या जागी काळा पडदा येतो, त्यावर दोन-तीन ओळी आणि लुकलुकणारा कर्सर. मग दुकान गाठलं जातं आणि तिथे ऐकायला मिळतं, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ एवढ्यासाठी कुणी आपले फोटो आणि प्रोजेक्ट गमावले की मला मनापासून वाईट वाटतं, कारण विंडोज आणि सगळ्या फायली जागच्या जागी असतात.

काही टाइप करण्याआधी शेवटची ओळ वाचा. तिथे ‘ग्रब रेस्क्यू>’ आहे की नुसतं ‘ग्रब>’? दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून एकाचा उपाय दुसऱ्यावर सर्रास चालवला जातो आणि मग ‘काहीच चालत नाही’ अशी तक्रार येते.

ग्रब हा उबुंटूचा बूटलोडर, म्हणजे मशीन चालू होताच ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम. मशीन चालू होताच आधी मदरबोर्डवरचा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, चालतो आणि तो बूटलोडरला हाक मारतो. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे लेगसी बायॉस हे फर्मवेअर असलेल्या मशीनमध्ये तो तुकड्यातुकड्यांत बसतो. डिस्कचा अगदी पहिला सेक्टर ५१२ बाइट्सचा असतो, त्याला एमबीआर म्हणतात. त्यात बूटच्या कोडसाठी जेमतेम ४४६ बाइट्स मिळतात. उरलेल्या जागेत पार्टिशन टेबल आणि दोन बाइट्सची खूण. एवढ्याशा जागेत ग्रब मावत नाही. म्हणून पहिला तुकडा एमबीआरमध्ये, दुसरा त्याच्या लगेच पुढच्या मोकळ्या सेक्टरांत, आणि मेन्यू वगैरे दाखवणारा मुख्य भाग उबुंटूच्या पार्टिशनमध्ये. तुम्ही पार्टिशन उडवलं की तिसरा भाग गेला, पहिले दोन राहिले. ते जागे होतात, तिसऱ्याला शोधतात आणि ‘नो सच पार्टिशन’ असं सांगून रेस्क्यू मोडमध्ये थांबतात. तिथे एलएस, सेट, इन्समॉड अशा मोजक्याच कमांड चालतात. एक्झिटसुद्धा चालत नाही.

यूईएफआय या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरच्या मशीनमध्ये मांडणी वेगळी. इथे डिस्कवर एक छोटं फॅट३२ पार्टिशन असतं, ईएफआय सिस्टिम पार्टिशन, विंडोजने केलेलं असेल तर बहुधा १०० एमबीचं. त्यात मायक्रोसॉफ्टचं एक फोल्डर आणि शेजारी उबुंटूचं. उबुंटूच्या फोल्डरमध्ये ग्रबचा बराचसा भाग एकाच फाइलमध्ये बांधलेला असतो, आणि सोबत ‘पुढचा मेन्यू अमुक पार्टिशनमध्ये बघ’ असं सांगणारी छोटी कॉन्फिग फाइल. तुम्ही उडवलं ते ‘अमुक’ पार्टिशन; हे फोल्डर तसंच राहिलं. शिवाय मदरबोर्डच्या मेमरीत बूटच्या यादीत उबुंटूचं नाव अजून सर्वांत वर आहे. त्यामुळे ग्रब पूर्ण सुरू होतो, मेन्यू मात्र सापडत नाही, आणि वर आवृत्तीचा आकडा व ‘मिनिमल बॅश-लाइक लाइन एडिटिंग’ची ओळ दाखवून ‘ग्रब>’वर उभा राहतो.

आता उपाय. ‘ग्रब>’ असेल तर आधी एक्झिट टाइप करून एंटर दाबा. अनेक मशीनमध्ये यादीतली पुढची नोंद घेतली जाते आणि विंडोज थेट सुरू होतं. नाही झालं तर मशीन चालू करताना बूट मेन्यूची की दाबा (डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९) आणि ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडा. एवढ्यावर विंडोज उघडलं तर अर्धी लढाई संपली. मग बायॉस सेटअपमध्ये जाऊन विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणा. नंतर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून माउंटव्हॉल कमांडने ते छोटं पार्टिशन दिसतं करा आणि फक्त उबुंटूचं फोल्डर काढा. शेजारची मायक्रोसॉफ्ट आणि बूट ही फोल्डरं विंडोजला लागतात, त्यांना धक्का लावू नका.

‘ग्रब रेस्क्यू>’ असेल तर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह लागतो. दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर तो तयार होतो. त्यावरून बूट करा, शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट आणा आणि ‘बूटरेक’, स्पेस, स्लॅश ‘फिक्सएमबीआर’ द्या. पहिल्या सेक्टरमधला कोड विंडोजचा होतो, पार्टिशन टेबलला हात लागत नाही. पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट करा. त्यावर ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ आलं, तर विंडोजच्या बूट पार्टिशनवर ॲक्टिव्हची (‘इथून बूट कर’ असं सांगणारी) खूण आहे का ते डिस्कपार्टमध्ये, म्हणजे कमांड प्रॉम्प्टवरच्या पार्टिशनच्या साधनात, बघा.

हीच कमांड यूईएफआय मशीनवर दिली तर ‘यशस्वी’ असा संदेश येतो, आणि रीस्टार्टनंतर पुन्हा तेच ‘ग्रब>’. गोंधळ नेमका इथे होतो, कारण तिथे फर्मवेअर त्या सेक्टरमधला कोड चालवतच नाही. तिथे पेनड्राइव्हवरून दुरुस्ती करायचीच झाली तर ‘बीसीडीबूट’ला विंडोज फोल्डरचा पत्ता द्यावा, ती कमांड बूटच्या फायली नव्याने लिहिते आणि विंडोजचं नाव यादीत वर आणते. पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर विंडोजची ड्राइव्ह सी असेलच असं नाही, पत्ता देण्याआधी डिर कमांडने खात्री करा.

शेवटच्या ओळीत ‘ग्रब>’ आहे की ‘ग्रब रेस्क्यू>’ ही नुसती खूण झाली, पुरावा नव्हे. क्वचित यूईएफआयवरही रेस्क्यू मोड येऊ शकतो. पक्कं करायचं तर डिस्कपार्टमध्ये ‘लिस्ट डिस्क’ द्या. डिस्कच्या ओळीत जीपीटी (पार्टिशन टेबलची नवी पद्धत) या रकान्याखाली तारा असेल तर मशीन यूईएफआयच्या रांगेतलं, नसेल तर जुनं एमबीआर. विंडोज चालू असेल तर ‘एमएसइन्फो३२’मध्ये बायॉस मोडसमोर लेगसी की यूईएफआय हे स्पष्ट लिहिलेलं असतं.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर बूटचा क्रम बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये ती बहुधा साठवलेली असते. काम सुरू करण्याआधी फोनवर उघडून बघून ठेवा.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि जुन्या मशीनवर उबुंटू टाकून बघायचा विचार अनेकांच्या मनात आला. त्यांतले काही परत फिरतील. ज्यांनी अजून डिलीट केलेलं नाही त्यांनी क्रम उलटा ठेवावा: यूईएफआय असेल तर आधी बूट मॅनेजर वर आणायचा, एमबीआर असेल तर आधी फिक्सएमबीआर द्यायचं, दोन-तीनदा रीस्टार्ट करून विंडोज सरळ येतंय हे बघायचं, आणि मगच उबुंटूचं पार्टिशन काढायचं.