हवेतला वेळ आणि तिकिटावरचा वेळ

लंडन ते न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर. जेट विमानाचा वेग ताशी ९०० धरून भागाकार केला, तर सहा तास दहा मिनिटं येतात. तिकिटावर मात्र जाताना आठ तासांच्या आसपास आणि परतताना सातच्या आसपास दिसतात. गोंधळ होतो तो दोन वेगळे वेळ एकच समजल्यामुळे.

चाकं धावपट्टी सोडतात तिथपासून ती पुन्हा टेकेपर्यंतचा तो हवेतला वेळ. तिकिटावर असतो ब्लॉक टाइम: चाकांपुढचे ठोकळे काढून विमान गेटवरून हललं, तिथपासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंत. गर्दीच्या विमानतळावर धावपट्टीपर्यंत पोहोचण्यातच वीस-तीस मिनिटं जातात, उतरल्यावर आणखी दहा. नेहमीचा उशीर धरून कंपन्या त्यात थोडी सवडही ठेवतात. म्हणूनच निघायला उशीर झालेलं विमानसुद्धा कधी कधी वेळेवर पोहोचतं. पुढचं विमान गाठायचं असेल तर ब्लॉक टाइमच धरा.

हवेतला वेळही नुसत्या अंतरावरून ठरत नाही, कारण वारा मध्ये येतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. तो ताशी १०० किलोमीटरने समोरून आला, तर जमिनीच्या हिशेबाने वेग ८०० उरतो आणि हेच अंतर कापायला जवळपास सात तास लागतात. पाठीशी असला तर साडेपाच. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत उतरलं. हा हवेतला वेळ, गेट ते गेट नव्हे. अंतरावरून वेळ सांगणारी काही कॅल्क्युलेटरं ठरावीक वेगाने भागून वर अर्धा तास मिळवतात. त्यांना वारा ठाऊकच नसतो, म्हणून जाण्या-येण्याचं उत्तर एकच येतं.

मार्गही बदलतो. हेलसिंकी–टोकियो सरळ अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. २०२२ मध्ये युरोपीय विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं आणि साडेनऊ तासांचा प्रवास वळसा घेऊन तेराच्या घरात गेला. शहरं होती तिथेच आहेत.

आता घड्याळ. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या असतात. लंडनहून सकाळी १०:०० ला निघून न्यूयॉर्कला दुपारी १३:०० ला पोहोचणं म्हणजे तीन नव्हे, आठ तास, कारण न्यूयॉर्क पाच तास मागे आहे. परतताना संध्याकाळी १९:०० ला निघून सकाळी ०७:०० ला उतरलात, तर बारातून पाच वजा करा. मात्र वर्षातले काही आठवडे हा फरक चारच तासांचा असतो: उन्हाळ्यासाठी अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. शरद ऋतूत ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. या दिवसांत पाच धरून हिशेब केलात तर तो बरोबर एका तासाने चुकेल.