जुने व्यावसायिक वाहन अधिकृत केंद्रात मोडीत काढण्याची प्रक्रिया: पात्रता, कागदपत्रे आणि सवलती

ट्रक, टेम्पो किंवा बस पंधरा वर्षांची झाली की ती कायद्याने आपोआप बाद होते, असा समज अनेक वाहनमालकांमध्ये आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणात खासगी मालकीच्या वाहनांसाठी अशी सरसकट अट नाही. निर्णायक ठरते ते योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला आपण पासिंग म्हणतो ते. व्यावसायिक वाहनाचे पासिंग पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते, तर पंधरा वर्षांनंतर त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून मोठ्या प्रमाणात वाढवण्यात आले आहे. वयाची थेट अट काही ठिकाणीच आहे. सरकारी मालकीच्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांनंतर संपुष्टात येते. मुंबईतील टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा आहे, आणि त्याच मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली.

या धोरणामागचा शहरी हवेचा प्रश्न आकड्यांत पाहिला तर अधिक स्पष्ट होतो. बीएस-३ (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या प्रदूषणाची सरकारने घातलेली मर्यादा) मानकाच्या अवजड डिझेल इंजिनाला धुरातील सूक्ष्म कणांसाठी प्रति किलोवॅट-तास ०.१० ग्रॅमची मुभा होती, ती १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मध्ये ०.०१ ग्रॅमवर आली. शिवाय ही मर्यादा नव्या इंजिनाची असते. इंजेक्टर आणि पिस्टन झिजलेल्या, वर्षानुवर्षे जादा भार ओढलेल्या गाडीचा धूर त्याहून कितीतरी अधिक असू शकतो. मुंबईत हा विषय नवा नाही. ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’च्या जनहित याचिकेत उच्च न्यायालयाने १९९९ साली वाहनांच्या प्रदूषणावर उपाय सुचवण्यासाठी व्ही. एम. लाल समिती नेमली होती आणि जुन्या व्यावसायिक वाहनांचा प्रश्न तेव्हापासून शहरासमोर आहे. म्हणूनच गाडी रस्त्यावरून हटणे पुरेसे नाही, ती पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची खात्री व्हावी लागते. साध्या भंगारवाल्याला दिलेल्या ट्रकचे इंजिन अनेकदा दुसऱ्या गाडीत बसते आणि धूर शहरातच राहतो. सरकारकडे नोंदणी झालेल्या अधिकृत केंद्रात मात्र चॅसिस, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, कापली जाते आणि नोंदणीही रद्द होते.

पात्रतेची व्याख्या बरीच व्यापक आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या वाहन स्क्रॅपिंग केंद्रांच्या नियमांनुसार, ज्या वाहनाच्या नोंदणीचे नूतनीकरण झालेले नाही, ज्याला योग्यता प्रमाणपत्र मिळालेले नाही, किंवा जे आग, दंगल, नैसर्गिक आपत्ती अथवा अपघातात निकामी झाले असून मालकाने स्वतः तसे लिहून दिले आहे, ते वाहन केंद्रात देता येते. खाणी, कारखाने आणि विमानतळ यांच्याकडील उपयोग संपलेली वाहनेही यात येतात. चालू स्थितीतील वाहन मालक स्वेच्छेनेही देऊ शकतो. त्यासाठी पंधरा वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाही. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या पर्यावरणविषयक नियमांनी मालकावर एक कर्तव्यही टाकले आहे: वाहनाचे आयुष्य संपल्याचे ठरल्यावर १८० दिवसांच्या आत ते अधिकृत ठिकाणी जमा करावे लागते.

अर्ज परिवहन विभागाच्या ‘वाहन’ प्रणालीतून ऑनलाइन भरायचा असतो, आणि बहुतेक मालक अडतात ते अर्जाच्या आधीच. अर्ज स्वीकारण्यापूर्वी प्रणाली चार गोष्टी तपासते. वाहनावर कर्जाचा बोजा किंवा भाडे-खरेदी करार शिल्लक नसावा, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे त्या वाहनाची नोंद नसावी, कोणतीही रक्कम थकीत नसावी, आणि आरटीओने वाहन काळ्या यादीत टाकलेले नसावे. यांपैकी एकही अट पूर्ण झाली नाही तर अर्ज पुढे जात नाही.

बोजाबद्दल विशेष सावध राहावे. कर्ज फेडून दहा वर्षे झाली तरी आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) वित्तसंस्थेचे नाव तसेच राहिलेले असते, कारण नमुना ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) आणि ना-हरकत पत्र आरटीओत कधी दिलेच गेलेले नसते. दरम्यान ती वित्तसंस्था दुसऱ्या संस्थेत विलीन झाली असेल तर नवे पत्र मिळवण्यात बराच वेळ जातो, त्यामुळे हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे. थकबाकीत मोटार वाहन कर, ई-चलनाचा दंड आणि महाराष्ट्रात आठ वर्षांवरील व्यावसायिक वाहनांना लागणारा पर्यावरण कर येतो. बंद पडून असलेल्या गाडीची कर थकबाकीही वाढत जाते, म्हणून गाडी आवारात गंजत ठेवणे मालकालाच महाग पडते. आरसीला जोडलेला मोबाइल क्रमांक जुना असेल तर तोही आधी बदलून घ्यावा.

कागदपत्रांत मूळ आरसी, मालकाचे ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा, पॅन कार्ड आणि रक्कम ज्या खात्यात जमा व्हायची त्याचा रद्द केलेला धनादेश तयार ठेवावा. वाहन कंपनीच्या किंवा संस्थेच्या नावावर असल्यास सही करणाऱ्याला अधिकार दिल्याचे पत्र जोडावे. नोंदणीकृत मालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रे लागतात. आरसी हरवली असल्यास पोलिसांत नोंद करून दुय्यम प्रत आधी काढणे श्रेयस्कर ठरते.

केंद्र आपल्याच जिल्ह्यातील असले पाहिजे असे बंधन नाही. भंगार मूल्याचा दर सरकारने ठरवून दिलेला नसून तो मालक आणि केंद्र यांच्यात ठरतो; धोरण जाहीर होताना तो नव्या वाहनाच्या शोरूम किमतीच्या सुमारे चार ते सहा टक्के असेल, असा अंदाज सांगितला गेला होता. एकाहून अधिक केंद्रांकडून लेखी दर मागवावेत, आणि गाडी ओढून नेण्याचा खर्च कोणाकडे राहील हेही त्यातच लिहून घ्यावे. वाहन जमा करताना मालक आणि केंद्रचालक या दोघांनाही हमीपत्र द्यावे लागते. त्यानंतर केंद्र ‘ठेव प्रमाणपत्र’ देते, तर वाहन प्रत्यक्ष मोडल्यावर ‘वाहन स्क्रॅपिंग प्रमाणपत्र’ तयार होते. चॅसिस क्रमांकाचा कापलेला तुकडा केंद्राला त्यानंतर सहा महिने जपून ठेवावा लागतो. या दोन प्रमाणपत्रांमध्ये गल्लत करू नये, कारण सवलती पहिल्यावर मिळतात आणि गाडी संपल्याचा पुरावा दुसरे असते.

ठेव प्रमाणपत्र ठरावीक मुदतीपुरतेच वैध असते. त्याच्या आधारे नवे वाहन घेताना नोंदणी शुल्क माफ होते, आणि व्यावसायिक वाहनासाठी मोटार वाहन करात पंधरा टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद केंद्रीय नियमांत आहे. प्रत्यक्ष दर राज्य सरकार ठरवते, म्हणून नव्या वाहनाची निवड करण्यापूर्वी आपल्या आरटीओत चालू आदेश पाहावा. ज्यांना लगेच नवे वाहन घ्यायचे नाही, त्यांना हे प्रमाणपत्र ऑनलाइन दुसऱ्याला विकताही येते. छोट्या वाहतूकदारासाठी ही तरतूद मला सर्वांत उपयोगाची वाटते, कारण भंगाराच्या रकमेखेरीज थोडे उत्पन्न त्यातून मिळू शकते.

रिक्षा, टॅक्सी आणि परवान्यावर चालणाऱ्या इतर वाहनांच्या मालकांनी गाडी केंद्रात देण्याआधी परवान्याचा विचार करावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ८३ नुसार परवाना देणाऱ्या परिवहन प्राधिकरणाच्या परवानगीने त्याच परवान्यावर त्याच प्रकारचे दुसरे वाहन आणता येते. ही परवानगी आणि तिची मुदत लेखी हातात आल्यावरच गाडी जमा करावी. सर्व झाल्यानंतर ‘वाहन’ प्रणालीत जुना क्रमांक टाकून नोंदणी रद्द झाल्याचे पाहावे, तसे दिसत नसेल तर स्क्रॅपिंग प्रमाणपत्राची प्रत जोडून मूळ आरटीओत लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.