लिलीच्या पानावरचे लाल डाग आणि कांद्यातली सड

वळीव पडला की सातारा-सांगलीकडच्या अंगणांत लिलीचे कांदे जागे होतात. मोठ्या लाल फुलांची ॲमरिलिस, पांढरी स्पायडर लिली, वाफ्याच्या कडेची गुलाबी रेन लिली. या तिघी ॲमरिलिस कुळातल्या; पॉलिहाऊसमधली लिलियम ही खरी लिली. दुकानात नुसतं ‘लिलीला औषध द्या’ म्हटलं की घोळ होतो, कारण दोन्ही कुळांचे रोग वेगळे आहेत. लिलियमच्या पानावर थंड, दमट हवेत फिकट तपकिरी, लंबगोल ठिपके आले तर तो बोट्रायटिस बुरशीचा करपा. इथे मात्र अंगणातल्या लिलीबद्दल.

पावसाळ्यात पानं रातोरात फस्त झाली, तर बुरशीचा विचारही करू नका. काळ्या अंगावर पांढरे आणि तांबडे ठिपके असलेली लिलीची अळी शोधा. अंडी पुंजक्याने घातलेली असतात, त्यामुळे लहान अळ्या एकाच पानावर घोळक्याने सापडतात. त्या हिरवा गर खरवडतात आणि पान कागदासारखं पातळ दिसू लागतं. याच वेळी ते पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं की काम संपलं. मोठी झालेली अळी मात्र पानाच्या बेचक्यातून थेट कांद्यात शिरते, आणि मग वरून फवारलेलं काही तिच्यापर्यंत पोचत नाही. लहान अळ्यांवर बीटी पावडर (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची; लिटरला 2 ग्रॅम) किंवा 5 टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा. अर्कासाठी 50 ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवायच्या आणि सकाळी गाळून घ्यायच्या. लिलीचं पान मेणचट असतं, थेंब घरंगळून जातो. म्हणून स्टिकर, म्हणजे फवारा पानाला चिकटवणारं द्रव्य, हवंच, लिटरला अर्धा मिलि. कुंपणावर कळलावी असेल तर तीही तपासा. ही अळी तिच्यावरही पोसते.

ॲमरिलिसच्या पानावर, फुलाच्या दांड्यावर गडद लाल डाग पडले, डागापाशी पान वाकडं झालं, तर तो स्टॅगोनोस्पोरा बुरशीचा लाल करपा. बुरशी कांद्याच्या सालीत दडून राहते आणि पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर शेजारच्या झाडावर जाते. सरळ कडांचा कोरडा, पांढुरका चट्टा मात्र उन्हाने भाजल्याचा असतो; त्याला औषध लागत नाही.

या करप्याला तासगावच्या द्राक्षबागेतलं जुनं औषध चालतं: 1 टक्का बोर्डो. घरापुरतं करायचं तर 10 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, 10 ग्रॅम कळीचा चुना उरलेल्या अर्ध्या लिटरमध्ये. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत. चुन्याची निवळी गार झाल्यावर गाळा आणि तिच्यात मोरचुदाचं पाणी हळूहळू ओता. स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. तसंच फवारलं तर पानं करपतील. मिश्रण त्याच दिवशी संपवा. बोर्डो नव्या पानाला वाचवतो, पडलेला डाग पुसत नाही. म्हणून डागाळलेली पानं आधी कापायची आणि कात्री दर झाडानंतर स्पिरिटने पुसायची.

पाणी असूनही पानं पिवळी पडून सहज उपटली जातात, तेव्हा कांदा उकरावाच लागतो. तो लिबलिबीत आणि घाण वास येणारा असेल, तर ती जिवाणूंची सड. कांदा फेकून द्या, कंपोस्टमध्ये नको. बुंध्यापाशी पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती स्क्लेरोशियम, म्हणजे भुईमुगालाही लागणारी बुरशी. दाणे मातीत वर्षानुवर्षं तग धरतात, म्हणून कांद्याबरोबर भोवतालची वीतभर मातीही काढा. तिसरी फ्युजेरियम बुरशीची सड: तळाची चकती तपकिरी होते, मुळं झडतात. पांढरा, घट्ट भाग लागेपर्यंत कापा, लिटरला 2 ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात अर्धा तास बुडवा, सावलीत चार दिवस वाळवा. हातमोजे घाला. चकतीच गेली असेल तर खटाटोप व्यर्थ आहे. नवी मुळं फुटतात ती तिच्यातूनच.

परत लावताना कृष्णाकाठच्या काळ्या मातीत वीतभर उंच वाफा करा, मातीत निम्मी जाड वाळू मिसळा आणि ॲमरिलिसचा मानेकडचा तिसरा भाग मातीबाहेर ठेवा. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) घालायचा तर किलोभर ओलसर शेणखतात 10 ग्रॅम, पण कार्बेन्डाझिमनंतर पंधरा दिवसांनी. आधी घातला तर तोही मरतो.